नोंद नसलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दगडाची, लाकडी चौकटीची, खालचा उजवा कोपरा तुटलेली. भिवंडीतल्या एका सरकारी कचेरीत तीन नंबरच्या खिडकीशेजारी मी खिळ्याला टांगलेली असते. या कचेरीतल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे. खुर्चीच्या पायावर, पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या माठाच्या तिवईवरसुद्धा पांढऱ्या रंगाने आकडे काढले आहेत. माझ्यावर आकडा नाही. सरकारच्या कुठल्याही वहीत माझे नाव नाही. तरी पस्तीस वर्षे मी इथे आहे आणि मला इथून कोणी काढू शकलेले नाही. आता काढणारही नाही.

तुम्हाला वाटेल, पाटीला अक्षरे जन्मापासूनच येत असतील. तसे नसते. मी डोंगराच्या पोटातला दगड होते. मला कापले, घासले, चौकटीत बसवले आणि भिवंडीच्या बाजारपेठेत एका दुकानात ठेवले. तिथून मला पंढरी जोमा केणी या माणसाने आपल्या मुलीसाठी विकत घेतले. यामिनी तेव्हा पहिलीत जाणार होती. तिने दोन महिने माझ्यावर बदकेच जास्त काढली. मग शाळेच्या पायरीवर मी तिच्या हातून पडले आणि माझा कोपरा गेला. मोडकी पाटी घेऊन शाळेत जाणार नाही, असे तिने ठणकावून सांगितले. केणींनी मला पिशवीत घातले आणि कचेरीत नेले. अक्षरे मला तिथे कळली, उशिराने. म्हणून उशिरा शिकणाऱ्यांची मला कधी लाज वाटली नाही.

या केणींना सगळे अण्णा म्हणत. ते खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या घरात कचेरीची पायरी पहिल्यांदा त्यांनीच चढली. आमची कचेरी सरकारी तिजोरीची. शिक्षकांचे पगार, निवृत्त शिपायांचे आणि त्यांच्या विधवांचे निवृत्तिवेतन, सगळे कागद इथून जायचे. अण्णा इथे आधी कारकून होते, पुढे इथलेच अधिकारी झाले. छत्तीस वर्षे त्यांनी नोकरी केली. त्यांनी कोणालाही "उद्या या" म्हटलेले मी ऐकले नाही. कागद परत करायचा असेल तर तो का परत जातो आहे हे त्यावर ठळक लिहीत, आणि ज्याला वाचता येत नसे त्याला ते मोठ्याने वाचून दाखवत. काहींना हा माणूस फार कडक वाटे. होताच तो कडक.

सुरुवातीला माझे काम अगदी साधे होते. माझ्यावर "जेवणाची सुट्टी" असे लिहून महादू शिपाई मला दुपारी खिडकीत टांगत असे. एका दुपारी मी अशी टांगलेली असताना बाहेरून कोणीतरी दार वाजवू लागले. पडघ्याच्या एसटीने आलेली एक बाई होती. तिचा नवरा शाळेत शिपाई होता, तो वारल्यावर तिला दरमहा निवृत्तिवेतन मिळत असे.

"ए बाई, पाटी दिसत नाही का?" महादू ओरडला.

"दिसते ना. एवढी काली धोंड हाय, न दिसाया काय झालं? पन ती काय बोलते ते मला कुठं कलतंय?"

अण्णा आत डबा खात होते. ते तसेच हात धुऊन बाहेर आले. आता ते त्या बाईला बोलतील असे मला वाटले. पण ते माझ्याकडेच बघत राहिले.

"नाव काय?" त्यांनी विचारले.

"सीताबाई."

"लिहिता येतं?"

"येत असतं तर दार वाजवलं असतं का, सायेब?"

महादू हसला. अण्णांनी मला खिळ्यावरून काढले, "जेवणाची सुट्टी" पुसली आणि बाकावर तिच्या मांडीवर ठेवले. त्यांची भाषाही बदलली, कचेरीची गेली आणि खाडीकाठची आली. "आधी उभी रेघ काढ. बाकीचं तिच्या आधारानं उभं ऱ्हातं. घाई न्हाय करायची. सुट्टी अजून वीस मिनिटं हाय."

सीताबाईने पेन्सिल अशी धरली की जणू खुरपेच धरले आहे. पहिल्याच रेघेला पेन्सिल तुटली. दुसऱ्या रेघेने माझ्या अंगावर चरा पडला, तो आजही आहे. चुकलेले पुसायला ती माझ्यावर थुंकणार इतक्यात अण्णांनी हात आडवा धरला. "थुंकी न्हाय. अक्षराला पाणी लागतं." तेव्हापासून महादू माझ्याजवळ पाण्याचा एक डबा आणि चिंधी ठेवू लागला. आधी कुरकुरत, मग न कुरकुरता.

मित्रांनो, माझे खरे आयुष्य त्या वीस मिनिटांपासून सुरू झाले. रांगेत उभे असलेले लोक पाळीपाळीने मला मांडीवर घेऊ लागले. कोणी वज्रेश्वरीहून येई, कोणी वडप्याहून. सरकारी दवाखान्यात झाडलोट करून निवृत्त झालेल्या एका चाचीने सांगितले, "मैं सही करूंगी तो उर्दू में." अण्णांना उर्दू येत नव्हते. ते शेजारच्या गल्लीत गेले आणि यंत्रमागांच्या खटखटाटातून तिथल्या उर्दू जाणणाऱ्या मुनीमजींना शिफ्ट चालू असताना उठवून घेऊन आले. उजवीकडून डावीकडे चाललेली पेन्सिल मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली. मुनीमजी जाताना म्हणाले, "केणीसाब, आपका दफ्तर है या मदरसा?" अण्णा म्हणाले, "साडेदस से दफ्तर. सुट्टी में जो आप समझो."

पण सगळे गोड झाले असे समजू नका. सीताबाईच्या बाबतीत मोठी चूक घडली.

आठ-नऊ महिन्यांत तिला आपले पूर्ण नाव लिहिता येऊ लागले. सीताबाई गोमा भोईर. एका महिन्यात अण्णा आईच्या आजारपणामुळे रजेवर होते. खिडकीवर बदली कारकून होता. सीताबाईला काय वाटले कोण जाणे, तिने कोणाला न सांगता, अंगठ्यासाठी पुढे केलेली शाई बाजूला सारली आणि कागदावर सही ठोकली. छाती पुढे काढून घरी गेली. कारकुनाने कागद वर पाठवला आणि तो वरून परत आला. कारण वर तिच्या नावाचा जो नमुना ठेवलेला होता तो अंगठ्याचा होता. नमुन्यात अंगठा आणि कागदावर सही, म्हणजे माणूस वेगळा. तिचे पैसे थांबले.

ती पुढच्या वेळी आली ती माझ्याकडे न बघता सरळ अण्णांच्या टेबलापाशी गेली.

"अंगठा होता तवर पैसं येत होतं. शिकले न् बंद झालं. हे कसलं शिकवणं, सायेब?"

अण्णांनी परत आलेला कागद वाचला. मग उठून उभे राहिले. एका शिपायाच्या विधवेसमोर अधिकारी उभा राहिलेला मी तेव्हाच पाहिला.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "तुला नाव शिकवलं, नियम न्हाय शिकवला."

मग त्यांनी नमुना बदलण्याचा फॉर्म काढला. त्यावर तीन सह्या लागतात आणि तिन्ही एकसारख्या लागतात. सीताबाईने दोन बऱ्या केल्या, तिसरी उताराला लागली. अण्णांनी फॉर्म फाडला. दुसरा दिला. तोही फाडला. ती रडकुंडीला आली. महादूने मधे पडून म्हटले, "अण्णा, चालवून घ्या ना."

"मी चालवून घेईन. वरचा माणूस तिला ओळखत न्हाय, तो फक्त हे ओळखतो. पाटी घे, सीताबाई. आधी उभी रेघ."

तिसऱ्या फॉर्मवर तिन्ही सह्या जुळल्या. पुढच्या महिन्यात तिचे पैसे मागच्या थकबाकीसकट आले. तेव्हापासून मला मांडीवर घेणाऱ्या प्रत्येकाला अण्णा आधी नियम सांगत आणि मग नाव शिकवत.

फॉर्म भरला त्या दिवशी चहा पिताना महादूने विचारले, "अण्णा, कशाला हा खटाटोप? अंगठ्यानं काम होतंय ना लोकांचं?"

अण्णांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्या आईचा अंगठा माझ्या चुलत्यानं धरून कागदावर टेकवला होता. तिला वाटलं रेशनचा कागद हाय. खाडीकडची जमीन गेली. आज तिथं गोदाम हाय. अंगठा दुसऱ्याला धरून उठवता येतो, महादू. झोपेत बी उठवता येतो. सही करायला माणूस जागा लागतो."

मी भिंतीवरून ऐकत होते. माझा दगड तेव्हापासून आणखी कडक झाला.

पुढे एकदा तपासणीला वरचे साहेब आले. हातातल्या यादीशी एकेक वस्तू ताडत ते माझ्यापाशी थांबले.

"ही पाटी जडवस्तूंच्या वहीत कुठे आहे?"

"नाही, साहेब," अण्णा म्हणाले. "ती माझी आहे."

"मग सरकारी भिंतीवर का?"

"लोक सरकारचे आहेत म्हणून."

साहेबांनी अहवालात लिहिले, अनधिकृत वस्तू, त्वरित हटवावी. अण्णांना खुलासा द्यावा लागला. त्यांनी लिहिले की वस्तूमुळे सरकारचा एक पैसाही खर्च झालेला नाही आणि कचेरीत येणारे अंगठे निम्म्याने कमी झाले आहेत. त्याला उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले आणि त्यांनी तेच लिहिले. अण्णांनी तोच खुलासा पुन्हा पाठवला, तारीख बदलून. मला अनधिकृत म्हणतात याचे मला दुःख नाही. अधिकृत असते तर केव्हाच भंगारात गेले असते.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणे. सचोटी, शिस्त, वक्तशीरपणा असे शब्द पुष्कळ आले. माझे नाव कोणी काढले नाही. यामिनी तोवर मोठी होऊन शिक्षिका झाली होती. तिने विचारले, "अण्णा, माझी पाटी घरी न्यायची ना?" अण्णा म्हणाले, "तुझी होती तेव्हा तुला नको होती. आता ती कामावर आहे."

पण काम हळूहळू गेले. शिकलेले लोक निवृत्त होऊ लागले, संगणक आले, यंत्रे आली. माझ्यावर कोणीतरी "सर्व्हर बंद आहे" असे लिहिले आणि ते दोन वर्षे कोणी पुसले नाही. मग खिळा निखळला आणि मी लोखंडी कपाटाच्या मागे पडले, तोंड भिंतीकडे करून. तिथे मी किती वर्षे होते ते सांगता येणार नाही. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. मी रडले नाही. "सर्व्हर बंद आहे" एवढेच वाक्य मला येत होते, ते पाठ म्हणत राहिले.

गेल्या नोव्हेंबरात कचेरीतले जुने सामान लिलावात काढायचे ठरले. खिडकीवर आता हेमाली नावाची तरुण कारकून आहे. तिने कपाट ओढले आणि मी बाहेर आले. तिने मला उलटेसुलटे करून क्रमांक शोधला, तो सापडला नाही, म्हणून मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर मला ठेवून दिले.

नोव्हेंबर म्हणजे निवृत्त लोकांचा महिना. आपण जिवंत आहोत हे महिनाअखेरपर्यंत दाखवावे लागते, नाहीतर पैसे थांबतात. अठ्ठावीस तारखेला रिक्षातून यामिनी उतरली आणि तिने हात धरून अण्णांना उतरवले. मी त्यांना आधी ओळखलेच नाही. उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात पंचा वाळत टाकावा तसा लोंबत होता.

हेमालीने छोटे यंत्र पुढे सरकवले. "अण्णा, सही वगैरे काही नको. नुसता अंगठा ठेवा. एक मिनिटाचं काम."

"अंगठा देणार न्हाय," अण्णा म्हणाले. जीभही जड झाली होती, पण शब्द कळले.

"अण्णा, हट्ट नका करू," यामिनी म्हणाली. "दोनच दिवस राहिलेत. आता सगळे देतात अंगठा. त्यात कमीपणा काय आहे?"

"कमीपणा न्हाय. ज्याला द्यायचा त्यानं द्यावा." ते दम घ्यायला थांबले. "दवाखान्यात मी झोपलो होतो. तू माझा अंगठा धरून माझा मोबाइल उघडलास."

यामिनीचा चेहरा पडला. "नातेवाइकांचे नंबर हवे होते, अण्णा."

"ठाऊक हाय. बरोबर केलंस. पन मला कललं न्हाय. कागद द्या."

हेमालीने सहीची जुनी यादी काढली. अण्णांनी डाव्या हातात पेन घेतले आणि सही केली. ती सही नव्हती, रस्ता चुकलेली मुंगी होती.

हेमालीने ती नमुन्याच्या सहीशेजारी धरून पाहिली. मग म्हणाली, "ही नमुन्याशी जुळत नाही हो. वरून परत येईल."

"आलीच पाहिजे. मी पन परत केली असती. नमुना बदलायचा फॉर्म द्या."

"तीन सह्या एकसारख्या लागतात, अण्णा."

"तो नियम मला सांगू नका, बाई." ते पहिल्यांदा हसले, अर्ध्या तोंडाने. "हितं एक पाटी होती."

मी ढिगावरून ओरडले असते, पण दगडाला तोंड नसते. बाकावरून आवाज आला. "ती बघा. खुर्च्यांवर निजलीय." ती सीताबाई होती. केस पांढरे, कमरेत वाकलेली, पण नोव्हेंबरात स्वतः येऊन सही करायचे तिने सोडले नव्हते. ती उठली, मला उचलले, कोळ्यांची जाळी पदराने झाडली आणि नळावर जाऊन मला धुऊन आणले. "सर्व्हर बंद आहे" वाहून गेले. पेन्सिल कचेरीत नव्हती. हेमालीने शेजारच्या दुकानातून डबी आणली.

सीताबाईने मला अण्णांच्या मांडीवर ठेवले.

"आधी उभी रेघ काढा, सायेब. बाकीचं तिच्या आधारानं उभं ऱ्हातं."

"मला शिकवतेस?"

"मंग कोनाला शिकवू? हितं दुसरा कोन अडानी हाय?"

अख्खा बाक हसला. अण्णाही हसले आणि त्यांनी रेघ काढली. वाकडी गेली. पुसली. पुन्हा काढली. पेन्सिल तुटली. दुपारी खिडकी बंद झाली. हेमाली डबा घेऊन बाहेर बाकावर येऊन बसली आणि न जेवता बघत राहिली. चार वाजेपर्यंत रेघ सरळ झाली, पण नाव झाले नाही. एकोणतीस तारखेला ते पुन्हा आले. पहिले अक्षर झाले, आडनाव घसरले. यामिनी बाहेर जाऊन डोळे पुसून आली, तरी तिने यंत्राचे नाव काढले नाही. सीताबाई दोन्ही दिवस पडघ्याहून पहिल्या एसटीने आली.

तीस तारखेला दुपारी अण्णांनी फॉर्म मागितला. पहिला त्यांनी स्वतःच फाडला, तिसरी सही उताराला लागली होती म्हणून. हेमाली म्हणाली, "अण्णा, चालेल, मी घेते."

"तुम्ही घ्याल. वरचा माणूस मला ओळखत न्हाय."

दुसऱ्या फॉर्मवर तीन सह्या झाल्या. सुंदर नव्हत्या. तीन वाकड्या बाभळी एका रांगेत उभ्या असाव्यात तशा होत्या, पण तिन्ही सारख्याच वाकड्या होत्या. हेमालीने पट्टी लावून पाहिल्या. मग म्हणाली, "ही सही यांचीच आहे असं सांगायला ओळखीचे दोन साक्षीदार लागतील. दोघेही निवृत्तिवेतन घेणारे हवेत."

एक साक्षीदार महादू. तो त्या दिवशी हयातीच्या सहीलाच आला होता. सही करताना तो पुटपुटला, "या पाटीनं माझी जेवणाची सुट्टी आयुष्यभर खाल्ली." दुसरी सीताबाई. तिने पेन घेतले, अण्णांच्या तीन सह्यांखाली हात ठेवला आणि एका दमात लिहिले, सीताबाई गोमा भोईर. कुठेही थांबली नाही. अण्णा तिच्या हाताकडे बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी एवढेच म्हटले, "जुळते."

माझ्यावर अण्णांचा शेवटचा सराव तसाच होता, डाव्या हाताचे वाकडे नाव. हेमाली म्हणाली, "हे पुसू नका. काच लावून भिंतीवर ठेवू या. तुमची आठवण राहील." अण्णांनी चिंधी मागितली, पाण्यात बुडवली आणि डाव्या हाताने मला स्वच्छ पुसले.

"आठवण कशाला टांगायची?" ते म्हणाले. "जागा अडते. कोणीतरी यायचं असेल."

दुसऱ्या आठवड्यात लिलाव झाला. भंगारवाला खुर्च्या, कपाट, पंखे क्रमांक वाचून टेम्पोत भरत होता. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "इसका नंबर?" हेमालीने वही उघडून दाखवली. "हिची नोंदच नाही. जिची नोंद नाही ती विकता येत नाही. तोच नियम आहे." तो गेला. तिने भिंतीत नवा खिळा ठोकला.

तेव्हा मित्रांनो, माझी कीव करू नका. माझ्या तुटक्या कोपऱ्यासाठी हळहळू नका. मला हार घालू नका, काचेत ठेवू नका आणि मला वहीत चढवण्याची खटपटही करू नका. मला वापरा. माझ्यावर चरे पडू देत, चौकट निखळली तर दोरीने बांधा. डब्यातले पाणी तेवढे रोज बदला. आणि काम झाले की मला पुसून ठेवा. कोणी माणूस साठीला येईल, कोणी सत्तरीला, कोणी उजवा हात गमावून येईल. त्याला हसू नका. त्याला बाकावर जागा द्या, मला त्याच्या मांडीवर ठेवा आणि पहिली उभी रेघ त्याची त्याला काढू द्या.